संपावर गेलेली वाऱ्याची पिशवी

मी एक जुनी वाऱ्याची पिशवी आहे. मित्रांनो, नाव ऐकून हसू नका. विमान उतरतं त्या मैदानात, उंच खांबाच्या टोकाला, तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांची एक कापडी नळी फडफडत असते. एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला निमुळती. प्रत्यक्ष नाही, तर चित्रात तरी तुम्ही ती पाहिली असेल. ती मी. वारा माझ्या तोंडातून शिरतो आणि शेपटातून निघून जातो. मी ताठ झाले की समजायचं, वारा जोराचा आहे. लोंबकळले की समजायचं, वारा पडला. विमान नेहमी वाऱ्याला सामोरं जाऊन उतरतं. वारा पाठीशी घेऊन उतरलं तर त्याचा वेग आवरत नाही आणि धावपट्टी अपुरी पडते. म्हणून आकाशातला माणूस खाली आला की आधी मला शोधतो. पुस्तकात मला वायुदर्शक म्हणतात. आमच्या शिवारात मात्र सगळे मला पायजमा म्हणत, तोही एकाच पायाचा. सुरुवातीला मला त्याचा फार राग यायचा.

माझी धावपट्टी धुळ्याहून अमळनेरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत, कपाशीच्या काळ्या रानात होती. गावाचं नाव मी मुद्दामच सांगत नाही. झाल्या गोष्टीत त्या गावाचा काही दोष नव्हता, आणि उगाच कोणी बोट दाखवायला नको.

माझं कापड खानदेशातल्याच एका गिरणीत विणलं गेलं. जाड, घट्ट विणीचं, तंबूला वापरतात तसलं. ते शिवायला आलं धुळ्याच्या चिंधा शिंप्याकडे. चिंधाने आयुष्यात कधी विमान जवळून पाहिलं नव्हतं, मग वाऱ्याची पिशवी कुठून पाहणार! सरकारी कागदावर माझ्या तोंडाला आठ लोखंडी कड्या दाखवल्या होत्या. चिंधाने कागद उलटा धरला, सुलटा धरला, डोकं खाजवलं आणि कड्यांच्या जागी आठ मजबूत नाड्या शिवून दिल्या. साहेब लोकांनीही कुरकुर केली नाही. खांबाच्या टोकाला एक फिरतं कडं होतं, त्याला आठ गाठी मारून मला बांधलं आणि मी आकाशात गेले. तेव्हापासूनच माझं नाव पायजमा पडलं, त्यात चिंधाचा हात आहे.

माझा सांभाळ करायला लोटन आबा होता. चौकीदार. पन्नाशीचा, सडपातळ, बोटांची पेरं चपटी झालेली. तो बावीस वर्षं गिरणीत साच्यावर होता. साचा म्हणजे कापड विणायचं यंत्र. गिरणी बंद पडल्यावर त्याला ही चौकीदारी मिळाली. पहिल्याच दिवशी त्याने माझी कड अंगठा आणि बोटात धरून चोळली, डोळे बारीक केले आणि बायकोला, ताईबाईला, हाक मारून म्हणाला की हे कापड आमच्याच गिरणीचं आहे. त्या दिवसापासून त्याने मला कधी परकं मानलं नाही.

मित्रांनो, माझी जशी निगा राखली गेली तशी फार थोड्या वस्तूंची राखली जाते. दर सोमवारी आबा खांबाच्या लोखंडी पायऱ्या चढून वर यायचा. फिरत्या कड्याला तेल द्यायचा, आठही गाठी तपासायचा, उसवलेलं दिसलं तर दाभण काढून तिथल्या तिथे टाका घालायचा. खाली धावपट्टीवर शेळी शिरली की शिव्या देत धावायचा, पण वर माझ्याजवळ आला की हळू बोलायचा. गिरणीतली गोष्टही त्याने मला तिथेच सांगितली. दुसऱ्या कोणाला सांगितली असेल असं मला वाटत नाही.

गिरणीत मोठा संप झाला होता. दोन महिने चाकं थांबली होती. पावसाळा तोंडावर आला आणि आबाच्या जिवाला एकच घोर लागला: आपले चार साचे गंजणार. एका दुपारी तो जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, ओळखीने मागच्या दाराने आत गेला. काम नाही केलं. फक्त चारही साच्यांना तेल दिलं, फडक्याने पुसलं आणि तासाभरात बाहेर आला. दुसऱ्या दिवशी मालकांनी गिरणीच्या फाटकावर पाटी लावली की कामगार कामावर परतायला लागले आहेत. लोकांचा धीर सुटला. आठवड्यात संप मोडला आणि एकही मागणी पदरात पडली नाही. चुडामण नावाचा त्याचा साथीदार वीस वर्षं शेजारच्या साच्यावर होता. दोघं एकाच डब्यात जेवायचे. त्याने सगळ्यांसमोर आबाला एवढंच म्हटलं: “लोटन, तुले साचा दिसना. आम्ही नही दिसनूत.” म्हणजे तुला साचा दिसला, आम्ही नाही दिसलो. त्यानंतर चुडामण त्याच्याशी कधी बोलला नाही.

हे सांगताना आबाचा हात कड्यावर थांबायचा आणि तेल माझ्या पट्ट्यांवर ठिबकायचं. तो म्हणायचा, फितुरीचा डाग आहे हा, धुतल्याने जात नाही.

आमच्याकडे आठवड्यातून तीनदा अठरा माणसांचं छोटं विमान यायचं. केळीचे व्यापारी, कॉलेजातले साहेब, कधी कोणी पुढारी, असे उतारू असायचे. ते चालवायचे कॅप्टन रेगे. गोरे, घारे, सदा घामेजलेले. उतरल्यावर उतारू निघून गेले की ते विमानाच्या पंखाच्या सावलीत बसायचे आणि ताईबाईने आणलेली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी ठेच्याबरोबर हाशहुश करत खायचे. कोपऱ्यातल्या खोलीत रेडिओ सांभाळणारा रूपचंद असायचा. वारा किती, कुठून, हे तो रेडिओवर सांगायचा खरा, पण त्याचं निम्मं लक्ष क्रिकेटच्या धावांकडे. एकदा त्याने वारा उलटाच सांगितला होता. तेव्हापासून रेगे त्याच्या तोंडावरच म्हणायचे की माझा भरवसा रेडिओवर नाही, आबाच्या पायजम्यावर आहे. आबा संकोचून मान खाली घालायचा. मी मात्र वर ऐटीत फुगून राहायचे. खोटं कशाला सांगू, त्या काळात मला फार गर्व झाला होता.

नव्वदच्या आसपासचा उन्हाळा होता तो. मे महिना. एका सकाळी बातमी आली की मोठमोठ्या विमानतळांच्या मनोऱ्यांत बसून विमानांना रस्ता दाखवणारे नियंत्रक संपावर गेले आहेत. त्यांचंही काही चुकलं नव्हतं, मित्रांनो. यंत्रं जुनी, माणसं थोडी, आणि एका माणसाने दहा-दहा विमानांचा जीव तासन् तास डोळ्यांत धरून ठेवायचा. कुणाचाही मेंदू शिणेल. पण त्यांनी हात वर केले आणि देशभर विमानं जिथल्या तिथे अडकली. मनोऱ्यात कारकुनी करून केस पिकलेले साहेब लोक बसवले गेले. ते घाबरत घाबरत तासाला दोन-तीन विमानं सोडायचे. आमच्यासारख्या लहान गावांच्या फेऱ्या पहिल्या रद्द झाल्या.

रूपचंदला तर ते हवंच होतं. पारोळ्याला त्याच्या साडूकडे लग्न होतं. रोज सकाळी एका वहीत नोंद करायची असे: धावपट्टी मोकळी, रेडिओ चालू, वायुदर्शक खांबावर, सुस्थितीत. त्याने आठवड्याच्या साऱ्या नोंदी एकाच बैठकीत लिहून टाकल्या, खाली सह्या ठोकल्या, खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली. जाताना आबाने त्याला अडवलं आणि गंभीरपणे विचारलं की संप आहे तर मग आपणही त्यात आहोत का. रूपचंद हसला. पिशवी खांद्याला अडकवत म्हणाला, “आपण बी, आबा! बठ्ठं बंद.”

सगळं बंद, हे तो गमतीने म्हणाला. आबाने ते गमतीत घेतलं नाही. संप हा शब्द त्याच्यासाठी गमतीचा नव्हताच.

तो बराच वेळ खांबाला पाठ लावून बसला. मग उठला, चपला काढल्या आणि वर चढला. सोमवार नव्हता, म्हणून मला नवल वाटलं. त्याने एकेक करून माझ्या आठही गाठी सोडल्या. चार गाठी सुटल्यावर मी एका बाजूला लोंबायला लागले. मी पाच वर्षांत खाली उतरले नव्हते. तो मला गोळा करत पुटपुटला, “चाल माय, आते तू बी संपवर. आते मी फितुरी कराव नही.”

त्याने मला झटकून, पट्टी पट्टीवर घेऊन घडी घातली आणि कोठीत तरटावर ठेवलं. झाडू उलटा करून कोपऱ्यात उभा केला. तेलाचा डबा झाकून ठेवला. पहिल्यांदा वस्तूकडे पाहिलं आणि माणसं मोडली. आता माणसांकडे पाहायचं, वस्तूला हात लावायचा नाही, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. मला वाचा असती तर मी ओरडले असते की आबा, मी साचा नव्हे, मी थांबले तर कापड थांबत नाही, दुसरंच काहीतरी थांबेल. पण मी मुकी.

चार दिवस तो निंबाखाली खाटेवर बसून राहिला. गिरणीच्या संपात सगळे एक वेळ जेवायचे, म्हणून इथेही एकच वेळ जेवला. ताईबाई त्याला म्हणाली की अहो, तुम्हाला कोणी संप करायला सांगितला, विमानवाल्यांना तर तुमचं नावसुद्धा माहीत नसेल. त्याने खाट सोडली नाही. पण मला कोठीच्या दारातून त्याचा चेहरा दिसायचा. कित्येक वर्षांत तो इतका हलका झालेला मी पाहिला नव्हता. मनातल्या मनात तो चुडामणला सांगत असावा की बघ, यावेळी मी आत गेलो नाही.

चौथ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला पश्चिमेचा वारा एकाएकी पडला. पान हलेना. मग पूर्वेकडून, जळगावच्या बाजूने, पिवळट लाल भिंत उठली. मे महिन्यात आमच्याकडे अशी धुळीची वादळं येतात. वारा नेहमीच्या दिशेच्या बरोबर उलट फिरला आणि पत्रे वाजायला लागले. ताईबाई वाळत घातलेले कपडे गोळा करत होती. तिनेच आवाज आधी ऐकला. ती हातातले कपडे टाकून ओरडली, “अहो, इमान!”

आबा खाटेवरून उठला आणि तसाच उभा राहिला. त्याचा विश्वास बसेना. संपात विमान कसं येईल?

वर काय घडत होतं ते मला पुढे, चौकशीत कागद वाचले गेले तेव्हा कळलं. कॅप्टन रेगे पहाटे पाचपासून कामावर होते. आदल्या रात्री त्यांना आणि त्यांच्या सोबतच्या नव्या, तरुण वैमानिकाला विमानतळावरच्या खुर्च्यांवर झोपावं लागलं होतं, कारण अडकलेल्या माणसांनी सारी हॉटेलं भरली होती. सकाळी इंदूरला साडेचार तास भर उन्हात उभं ठेवलं. आतले बारा उतारू उकडून निघाले. संप केला मनोऱ्यातल्यांनी आणि शिव्या खाल्ल्या विमानातल्यांनी, कारण उतारूंच्या हाताशी तेच होते. एकाने तर रेग्यांची कॉलर धरली. शेवटी परवानगी मिळाली, विमान उडालं, आणि अर्ध्या वाटेत सांगण्यात आलं की पुढच्या विमानतळावर जागा नाही, वरच चकरा मारा. पन्नास मिनिटं चकरा मारल्या. पुन्हा विचारलं तर पुन्हा थांबा. तेलाचा काटा खाली यायला लागला. परत जायला तेल नव्हतं, पुढे जायला परवानगी नव्हती. तेव्हा रेगे सोबत्याला म्हणाले की आपण आपल्या धावपट्टीवर जाऊ. तिथे रेडिओवर कोणी नसेल, पण पायजमा असेल.

मित्रांनो, हे वाक्य वाचलं गेलं तेव्हा मला जागच्या जागी फाटून जावंसं वाटलं.

विमान पहिल्यांदा अगदी खालून गेलं. खांबावरून गेलं. त्यांना नुसता खांब दिसला, लोखंडी कडं रिकामं फिरत होतं. सकाळी दिलेल्या हवामानात पश्चिमेचा वारा सांगितला होता, तोच धरून त्यांनी पश्चिमेकडे तोंड करून उतरायचं ठरवलं. म्हणजे वारा नेमका पाठीशी. आबा तोंडाचा आ करून पाहत राहिला. विमान धावपट्टीवर आलं, पण टेकेना. जमिनीपासून हातभर उंचीवरून ते नुसतं पुढे पुढे ढकललं जात होतं. पट्टीचा निम्मा भाग असाच सरला, आणि शेवटच्या क्षणी इंजिनं किंचाळली, विमान कसंबसं वर उचललं गेलं. झाडांचे शेंडे खाली वाकले.

तेव्हा आबाला सगळं कळलं. त्याचा चेहरा मी विसरणार नाही. तो कोठीकडे धावला, दाराला अडखळला, मला छातीशी कवटाळलं आणि खांबाकडे पळत सुटला. मागून ताईबाई धावत होती. तो वर चढायला लागला, पण वाऱ्याने माझी घडी विस्कटली, मी फुगले आणि त्यालाच मागे खेचायला लागले. मी त्याला मारून टाकते की काय असं मला वाटलं. एका हाताने पायरी धरून त्याने पहिली नाडी बांधली. मग दुसरी. वाऱ्यात गाठ बसत नव्हती. चिंधाने कड्या लावल्या असत्या तर अडकवून मोकळं होता आलं असतं. विमान वळून परत येत होतं. इंजिनाचा आवाज एकसारखा नव्हता, मध्येच दम लागल्यासारखा तुटत होता. सहा नाड्या राहिल्या होत्या.

आबाने वर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दातांनी दोन्ही गाठी तोडल्या.

तो खाली उतरला की पडला, मला सांगता येणार नाही. उठला तेव्हा त्याच्या गुडघ्यातून रक्त येत होतं. मला घेऊन तो धावपट्टीच्या मधोमध आला. माझं तोंड दोन्ही हातांनी ताणून डोक्यावर धरलं आणि वाऱ्याला सामोरा उभा राहिला. वारा आत शिरला. मी ताठ झाले, माझं शेपूट पश्चिमेकडे गेलं. एका झोताने त्याला खाली पाडलं. तो गुडघ्यांवर उठला आणि मला पुन्हा वर धरलं. माझी दुसऱ्या पट्टीपासून चौथ्या पट्टीपर्यंत चिरफाड झाली तरी मी फुगलेलीच राहिले. धुळीत त्याचे डोळे बंद होते. तो काही दिसत नसताना ओरडत होता, “हाई देख! हाई देख, साहेब!” त्या आवाजात ते कोणाला ऐकू जाणार होतं?

पण रेग्यांनी पाहिलं. समोर एक माणूस खांबासारखा उभा आहे आणि त्याच्या डोक्यावर तांबडं-पांढरं कापड उलट्या दिशेला ताणलेलं आहे, एवढं त्यांना दिसलं. त्यांनी विमान वळवलं, पश्चिमेकडून आणलं आणि वाऱ्याला सामोरं केलं. आबा बाजूला उडी मारून पडला. विमान त्याच्या शेजारून गेलं तेव्हा एक इंजिन थांबलेलं होतं. चाकं टेकली, धावली, वेग पडत गेला. शेवटी शेवटी ते एका अंगाला ओढलं जाऊन नांगरलेल्या काळ्या रानात शिरलं आणि नाक मातीत रुतवून थांबलं.

आतून चौदा जण जिवंत बाहेर आले. बारा उतारू चालत आले. तरुण वैमानिकाच्या कपाळाला खोक पडली होती. रेग्यांचा उजवा पाय मात्र खालच्या पत्र्यात सापडून चिरडला होता. त्यांना आबाच्याच खाटेवर घालून रस्त्यावर आणलं आणि एसटी थांबवून धुळ्याला नेलं. खाट उचलताना रेग्यांनी डोळे उघडले. आबाचा हात धरून ते कण्हत म्हणाले, “आबा, पायजमा खांबावर का नव्हता?”

 एसटी दिसेनाशी होईपर्यंत आबा मला हातात घेऊन रस्त्यात उभा होता.

संप सहाव्या दिवशी मिटला. नियंत्रकांच्या बऱ्याचशा मागण्या मान्य झाल्या आणि संपात भाग घेतलेल्या कोणावरही कारवाई होणार नाही, असं लेखी ठरलं. विमानं पुन्हा उडायला लागली. आमच्या धावपट्टीवर तीन आठवड्यांनी चौकशी बसली. कोठीसमोर मंडप टाकला, मुंबईहून तीन साहेब आले. रेगे कुबड्या घेऊन आले. त्यांचा पाय गुडघ्याखाली काढला होता. मला पुरावा म्हणून टेबलावर पसरून ठेवलं होतं.

रूपचंदची वही उघडली गेली. त्या दिवसाच्या नोंदीत स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: वायुदर्शक खांबावर, सुस्थितीत. मग सगळा दोष कोणाच्या माथी जाणार ते उघड झालं. खांबावर पिशवी असताना कॅप्टनने तिच्याकडे दुर्लक्ष केलं, उलट्या बाजूने उतरण्याचा प्रयत्न केला, तेल संपवलं आणि विमान रानात घातलं. रेगे म्हणाले की खांबावर काही नव्हतं, एक माणूस हातात पिशवी घेऊन उभा होता. तरुण वैमानिकाला कपाळाच्या माराने काहीच आठवत नव्हतं. साहेबांनी एकमेकांकडे पाहिलं. लिहिणाऱ्याने लिहून घेतलं की थकवा आणि धक्का यांमुळे असे भास होऊ शकतात. माझी चिरफाड वादळाने झाली असणार, असंही कोणी म्हणालं. रूपचंद जमिनीकडे पाहत होता. त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता.

आबाला बोलावलं ते नावापुरतं. तुम्ही त्या दिवशी हजर होता का, असं विचारलं. तो हो म्हणाला. ठीक आहे, जा, असं साहेब म्हणाले. एवढंच होतं, मित्रांनो. घरून निघताना ताईबाईने त्याच्या पायाला हात लावून विनवलं होतं की तोंड उघडू नका, ही नोकरी गेली तर या वयात आपण जायचं कुठे. तो वळला. चार पावलं गेला. मंडपाच्या बांबूला धरून थांबला. 

तो परत आला आणि टेबलावर, माझ्यावर, हात ठेवून म्हणाला, “साहेब, पिशवी खांबवर नव्हती. मीच उतारेल व्हती.”

का, असं साहेबांनी विचारलं. संप होता म्हणून, असं आबाने सांगितलं. साहेबांना समजेना. त्यांनी पुन्हा विचारलं. आबाने पुन्हा तेच सांगितलं. कोणीतरी मागे हसलं. रेगे कुबडी टेकत उठले, त्याच्यापर्यंत आले आणि त्यांनी त्याचा हात घट्ट धरला. मग त्यांना कोणीतरी खुर्चीवर बसवलं.

रेग्यांवरचा ठपका गेला. नाव राहिलं, पण पायाविना विमान चालवता येत नाही. रूपचंदला ताकीद मिळाली आणि त्याची बदली झाली. लोटन आबाला कामावरून काढलं. सरकारी वस्तू विनापरवाना हलवली, असं कागदावर लिहिलं होतं.

तो कागद घेऊन आबा अमळनेरहून रेल्वेने मुंबईला गेला. संपात भाग घेतलेल्या कोणावर कारवाई नाही, असं वर्तमानपत्रात आलं होतं ना! नियंत्रकांच्या संघटनेच्या खोलीत एका शिकलेल्या, भल्या मुलाने त्याला पाणी दिलं, कागद वाचला आणि नम्रपणे सांगितलं की आबा, तुम्ही आमचे सभासद नाही, आमच्या संपात तुम्हाला कोणी बोलावलं होतं? आबा पाणी तसंच ठेवून उठला. किल्ल्या परत द्यायला आला तेव्हा त्याने हे मला सांगितलं आणि माझी शेवटची घडी घातली. खांबावर नवीन नायलॉनची पिशवी लागली होती. तिच्याकडे त्याने वर पाहिलंसुद्धा नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी हात जोडून म्हणतात की आमची निगा राखा. मी ते म्हणणार नाही. माझी निगा राखण्यात काही कमी पडलं नाही. माझं मागणं निराळं आहे. मोठे झालात, एखाद्या संपाचे पुढारी झालात किंवा संप मोडणारे साहेब झालात, तर आधी खांबाखालच्या माणसाकडे या. काय बंद ठेवायचं आणि काय कधीच बंद ठेवायचं नाही, हे त्याला नीट, तोंडावर, हसण्यावारी न नेता सांगा. आबाला ते कोणी सांगितलं नव्हतं.

आणि त्या विमानातून उतरलेल्या चौदा जणांपैकी कोणी हे वाचत असेल, तर धुळे-अमळनेर रस्त्यावर लोटन आबाचं घर विचारा. तो आता लोकांच्या रानात राखणीला जातो आणि फारसा बोलत नाही. आपल्यामुळे एका माणसाचा पाय गेला, एवढंच तो रोज मोजतो. तुम्ही जिवंत आहात, हे त्याला अजून कोणीही येऊन सांगितलेलं नाही.